हाकोला घरचा पाव

इसाल्मी,
रविवार, २३ सप्टेंबर १९८४

प्रिय याल्मारी,

जूनच्या बारा तारखेला एक परकी बाई तुमच्या फाटकाशी आली आणि दोरीत ओवलेले सहा पाव घेऊन गेली, हे सायमीने तुला त्याच संध्याकाळी सांगितलं असेल. अंगात निळा रेनकोट, डोक्याला रुमाल, बोलणं पूर्वेकडचं. ती मी होते. सायमीने नाव विचारलं तेव्हा मी नवऱ्याचं आडनाव सांगितलं, आणि ते तुमच्या कानावर कधी आलं असण्याचं कारण नाही. म्हणजे खोटं बोलले नाही, पण खरंही सांगितलं नाही. मी इरो. पलागाची मुलगी. युद्धाच्या शेवटी आमचा करेलियाचा मुलूख रशियाकडे गेला आणि तुमच्या घराच्या टोकाच्या खोलीत तीन निर्वासित येऊन राहिले, आई, मी आणि धाकटा ओक्को, त्यातली मी. तुला एवढी ओळख द्यावी लागू नये असं मनात कुठेतरी वाटतं. पण पस्तीस वर्षांत माणसं स्वतःचंही बरंच काही विसरतात.

पावापासूनच सुरुवात करते, कारण त्याच्याबद्दल लिहिणं मला सोपं जातं. गेल्या नाताळात आई पायरीवर घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती इथल्या नगरपालिकेच्या वृद्धाश्रमात आहे. सत्याहत्तर वर्षांची झाली. डोकं बहुतेक दिवस जागेवर असतं, जीभ तर रोजच. फेब्रुवारीत तिने खाणं सोडलं. भांडून नाही, रुसूनही नाही. ताट आलं की नुसतं बाजूला सारायची. मार्केता नावाची एक तरुण नर्स आहे तिथे, फार मायेची. तिने विचारलं, आजी, तुम्हाला काय खावंसं वाटतं? तर आई म्हणाली, पाव. तो पाव. कुठला, ते काही सांगेना. मी विचारलं तर माझ्याकडे अशी पाहत राहिली की जणू मीच कमअक्कल. म्हणाली, तुला माहीत असायला हवं. आणि मला वाटलं, मला माहीत आहे. सुइस्तामोचा पाव, आमच्या गावचा, दुसरा कुठला असणार.

मी सव्वीस वर्षं सहकारी दुकानात पावाच्या काउंटरमागे उभी आहे, याल्मारी. राय धान्याचा पाव म्हटलं की परक्या माणसाला वाटतं, काळा आणि आंबट, झालं. पण मला डोळे मिटून नुसता अंगठा दाबायला दे, तो कुठल्या बाजूचा ते सांगेन. आमच्याकडचा जाड, मऊ, फुगीर, वरून तडकलेला. दर शनिवारी भाजायचा आणि छातीशी धरून सुरी आपल्याकडे ओढत कापायचा. आंबट इतका की लोण्यावाचून खाणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. आईचं आंबवण तिच्या आईकडून आलेलं होतं. काठवट कधी धुवायची नाही, खरवडायची फक्त. लाकडाच्या भेगांत जे राहतं त्यातून पुढचं पीठ उठतं. गाव सोडायला आम्हाला अर्धा दिवस मिळाला होता तेव्हा तिने पांघरुणं मागे ठेवली आणि काठवट पाठीला बांधली. तुझी आई दारात उभी राहून ती काठवट पाहत होती, ते मला अजून दिसतं. कपडे कमी आणि लाकूड जास्त आणलंत, असं ती म्हणाली होती. तिला तेव्हा माहीत नव्हतं की त्या लाकडापायी घरात किती वाद होणार आहेत.

तर पहिला पाव अर्थात मीच भाजला. विजेच्या भट्टीत, दुकानातल्या पिठाचा, शेजारणीकडून आणलेल्या आंबवणाचा. आईचं आंबवण आमच्याकडे केव्हाच मेलं होतं. रेइनोशी लग्न करून मी गावात राहायला आले, दुकानातला पाव फुकट मिळायचा, भाजणार कोण? आई एकटीपुरतं भाजायची, मग तेही सुटलं, काठवट वाळून उकलली. हे सगळं माझ्या आळसाने झालं, म्हणून मी तो पाव फार मन लावून केला. आईने एक घास घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला आणि म्हणाली, "हा तुझा आहे." चांगला आहे की वाईट, ते नाही सांगितलं.

मग मी दर सुट्टीला निघू लागले. मार्चमध्ये कुओपिओला गेले. तुला कधी त्या बाजूला जायचं झालं तर सकाळी आठच्या आत बाजारात पोच, नंतर उरतो तो कालचा माल. तिथे रायच्या जाड कवचात बारके मासे आणि डुकराची चरबी भरून पाच-सहा तास भाजतात. बाहेरून दगड, आत लोण्यासारखं मऊ. तो मी कापडात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन, गरम गरम आणला. आईने कवच फोडलं, आत डोकावली. म्हणाली, पाव मागितला तर मासे आणलेस, मासे मागेन तेव्हा काय गाय आणशील? मार्केताला इतकं हसू आलं की तिला बाहेर जावं लागलं. शेवटी तो तिनेच खाल्ला.

एप्रिलमध्ये योएन्सू. तिथल्या बाजारात आमच्याच बाजूच्या, सुओयार्वीहून आलेल्या एक म्हाताऱ्या बाई बसतात. त्यांच्या पातळ रायच्या पारीच्या भाताच्या कचोऱ्या जगात कुठे मिळणार नाहीत आणि त्यांचा पाव आमच्या गावच्या पावाचा सख्खा चुलतभाऊ. मी त्यांना आईबद्दल सांगितलं तर त्यांनी पावाला हात लावून क्रूस केला आणि मग तो माझ्या हातात दिला. आईने तो हुंगला आणि तिचा चेहरा एकदम मऊ झाला. मला वाटलं, जिंकलं. दोन फोडी खाल्ल्या. मग म्हणाली, छान आहे, उरलेला पलीकडच्या खाटेवरच्या बाईला दे, तिला कोणी काही आणत नाही. ईस्टरला मी हेइनावेसीच्या मठात गेले. तिथल्या साधूंचा पाव काळाभोर, जड, खाली राखेचा किंचित वास. आईने त्याचं चुंबन घेतलं, देवाचा म्हणून एक घास खाल्ला, आणि तो उशाशी ठेवून दिला. मिक्केलीहून उतरत्या भट्टीचा पाव आणला. सगळी भाजणी झाल्यावर निवत्या भट्टीत तो रात्रभर ठेवतात, त्याने त्याला जवळजवळ काकवीचा रंग येतो आणि कवच असं होतं की चावताना शेजारच्याला ऐकू जावं. दातांअभावी तो आईला झेपलाच नाही. मग ओक्को आला. तो सत्तर साली गोथेनबर्गच्या मोटार कारखान्यात गेला तो तिकडचाच झाला. येताना बोटीवरून त्याने बेटांकडचा गोड पाव आणला, पाकातला, माल्ट घातलेला, चकाकणारा. आईने चाखून विचारलं, आज कुणाचा वाढदिवस आहे? बिचारा ओक्को. चाळीस वर्षांपूर्वी तुमच्या अंगणात तो रडत उभा असायचा ना, तसाच उभा राहिला.

इतके पाव आणले, याल्मारी, पण तुमच्याकडचा आणायचं माझ्या मनातही आलं नाही. का येईल? आईने आयुष्यभर त्या पावाची जेवढी नालस्ती केली तेवढी तिने रशियाचीसुद्धा केली नसेल. वर्षातून दोनदा भाजायचा, चपटा, कड्यासारखा गोल, मधोमध भोक, आणि मग छताखालच्या काठीवर ओवून सहा महिने वाळवायचा, हे तिला अन्नाचा अपमान वाटायचं. हे पाव भाजतात की चुलीला लाकडं करतात, इथे पाव खायला सुतार बोलवावा लागतो, हे तिचे रोजचे शब्द. आणि तुझी आई तरी काय कमी होती? आमच्या पहिल्याच शनिवारी आईने भट्टी पेटवली तेव्हा हिल्माबाई दारात येऊन म्हणाल्या होत्या, "पलागाबाई, दर आठवड्याला ताजा पाव राजाच्या घरी खातात. आमच्या जंगलाला तेवढी झाडं नाहीत."  आईने त्या दिवशीचा पहिला पाव निम्मा कापून रुमालात बांधला आणि तुमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवून आली, आणि सोमवारी तो तसाच, रुमालाची गाठही न सुटलेला, आमच्या पायरीवर परत आला. पाच वर्षं दोघी एका छपराखाली राहिल्या, एकाच गोठ्यात दूध काढलं, आणि पावाचा तुकडा एकीने दुसरीच्या हातचा खाल्ला नाही. गावातली पोरं आम्हाला रशियन म्हणायची ते मी विसरले. तो परत आलेला रुमाल विसरले नाही.

पण मी तुमचा पाव खायचे. ते आईला माहीत नव्हतं. तू आकडीने काठीवरून काढायचास आणि कोटाच्या खिशात घालून दुधाच्या गाडीवर आणायचास. डेअरीपर्यंत जायला पाऊण तास लागायचा. तू मला शिकवलंस की हा पाव दातांनी लढून खायचा नसतो, गालात धरून वाट पाहायची असते. मग तो आपणहून गोड होतो. मी चौदा-पंधरा वर्षांची होते, मला वाट पाहणं म्हणजे काय हे तेव्हा कळत होतं असं नाही. एक वसंतातली भाजणी आठवते, सरकारने इसाल्मीजवळची दगडाळ जमीन दिली आणि आम्ही तुमच्या घरातून निघालो, त्याच्या आदल्या वर्षाची. तीन दिवस भट्टी धगधगत होती, घरात पिठाचं धुकं, आणि तू बैलाच्या शिंगाने पावांना भोकं पाडत होतास. भोकातून निघालेल्या चकत्या पोरांसाठी वेगळ्या भाजायचे. त्यातल्या पहिल्या घाण्याच्या चकत्या तू टोपीत भरून आमच्या खोलीच्या मागच्या खिडकीशी आणल्यास. त्या इतक्या गरम होत्या की मी एका हातातून दुसऱ्या हातात नाचवत होते आणि तू हसत होतास, आणि मग हसायचा थांबलास. त्यापुढचं लिहीत नाही. तुला आठवत असेल तर आठवत असेल.

मे महिन्यात एका गुरुवारी मी वृद्धाश्रमात गेले तेव्हा वाटाण्याचं सूप होतं. आईने ते नेहमीसारखं बाजूला सारलं आणि वर छताकडे बोट केलं. वैतागून म्हणाली, "किती दिवस सांगतेय, काठीवरून काढून आण ना." छताला फक्त दिवा होता. मार्केता मला हळूच म्हणाली, आजी आज जरा भ्रमात आहेत. मला मात्र तसं वाटलं नाही. आमच्या गावात पाव कधीच काठीवर नव्हता. आयुष्यात आई एकाच अशा घरात राहिली होती जिथे पाव छताला असतो. मी खाली वाकून विचारलं, "आई, भोकाचा?" ती म्हणाली, "मग दुसरा कुठला."

दुकानातही भोकाचा पाव येतो, कारखान्यातला, प्लास्टिकच्या पिशवीतला. तो मी आधी नेला. तिने तो पिशवीतून बाहेरही काढू दिला नाही. म्हणून जूनमध्ये दोन दिवसांची रजा काढून, दोन गाड्या बदलून, मी तुमच्याकडे आले. खरं सांगते, याल्मारी, गावात कुठेही मिळेल, चर्चजवळच्या दुकानात विचारीन, हाकोला घराकडे वळायचंसुद्धा नाही असं मी गाडीत घोकत होते. दुकानातल्या माणसाने सांगितलं, हल्ली घरी कोण भाजतंय, फक्त हाकोलाची सायमी भाजते, जुन्या पद्धतीने, वर्षातून दोनदा. मग पाय आपोआप निघाले. रस्ता डांबरी झालाय. नदीकाठची धान्याची कोठारं अर्धी गेली. तुमचं घर मात्र तेवढंच लांबलचक आणि तेवढंच लाल.

सायमी अंगणात सतरंज्या घासत होती. मी म्हटलं, आई आजारी आहे, तिला भोकाचा पाव खावासा वाटतोय, एखादा विकत मिळेल का. तिने हात पुसले आणि म्हणाली, तुम्ही करेलियाच्या ना, बोलण्यावरून कळतं. आत नेलं. मालक सेइनायोकीला दातांच्या डॉक्टरकडे गेलेत, नवे दात बसवायला, असं ती हसत म्हणाली. मला हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी इतकं वाईट वाटलं की मी खुर्चीची पाठ धरली. तिने आकडीने सहा पाव काढले, दोरीत ओवले. पैसे घेईना. आजारी माणसाच्या पावाचे पैसे घेतलेले सासूबाईंना चालायचे नाहीत, म्हणाली; त्या जाऊन तेवीस वर्षं झाली तरी घर त्यांच्याच हुकमाने चालतं. आणि मग तिने कपाटातून एक फडकं काढलं. "हाही न्या," म्हणाली, "शनिवारचा आहे. तुमच्या बाजूचाच म्हणे." फडक्यात जाड, फुगीर, वरून तडकलेला पाव होता.

मी तो उचलून हुंगला. तिनेच सांगितलं. युद्धानंतर इथे एक निर्वासित बाई राहत होती. जायच्या दिवशी तिने काठवट खरवडून पिठाचा एक गोळा वाटीत घातला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून गेली.  सासूबाईंना तो फेकवेना. दोन दिवस त्या नुसत्या त्या वाटीभोवती फिरत होत्या, तिसऱ्या दिवशी भट्टी पेटवली. तेव्हापासून दर शनिवारी. सायमी म्हणाली, सून म्हणून आले तेव्हा त्यांनी मला आधी हा पाव शिकवला, मग तो. आणि आमच्या मालकांना शनिवारी दुसरा चालत नाही. पाहा, मी चार महिने अर्धा देश पालथा घातला. आईचं आंबवण आमच्या हातून मेलं, आणि ते तुमच्या खिडकीत पस्तीस वर्षं जिवंत होतं. मी सायमीचा हात धरला. तिला वाटलं असेल, आईच्या काळजीने बाई हळवी झालीय. तुझी बायको चांगली आहे, याल्मारी. हे लिहिताना मला काही जड जात नाही. थोडं जातं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पाव मी आईपुढे ठेवले. आधी जाड. म्हटलं, हा हुंग. तिने हुंगला, अंगठा दाबला आणि जराही नवल न वाटता म्हणाली, "हा माझाच आहे. तो दे." भोकाचा पाव मी ताकात भिजवून दिला. तिने पहिला घास गालात धरला आणि वाट पाहत राहिली. ही रीत तिला कुणी शिकवली होती? मी तर कधीच नाही. सगळा तुकडा संपवला. मग खिडकीकडे पाहत बोलायला लागली, आणि त्या दिवशी तिचं डोकं अगदी जागेवर होतं. मार्केता साक्षीला आहे.

तिचेच शब्द लिहिते. "तो पोरगा आला होता. हाकोलाचा. पहिल्याच शरदात. खांद्यावर बारा पाव घेऊन." मी विचारलं, कुठे आला होता? "कुठे म्हणजे? आपल्याकडे. ओंडक्यांच्या खोपटात. तू बटाटे काढायला गेली होतीस, आठवडाभर. भट्टी बांधून झाली नव्हती. घरात पाव नव्हता, इरो. पाहुणा आला आणि माझ्या घरात पावाचा तुकडा नव्हता. आणि तो बारा घेऊन उभा. मालकिणीने पाठवलेत म्हणाला. मी त्याला बसही म्हटलं नाही. त्याने तुझं विचारलं. मी सांगितलं, तिचं ठरलंय, पुन्हा येऊ नकोस."  मग म्हणाली, "तू गेली असतीस तर त्या दगडांवर मी एकटी राहिले असते. ओक्को नऊ-दहा वर्षांचा. पण ते नंतर सुचलं. आधी लाज वाटली ती पावाचीच." त्याने ते पाव लाकूड फोडायच्या ठोकळ्यावर ठेवले आणि निघून गेला. पाव फेकणं पाप, म्हणून अकरा तिने लाकूडतोड्यांना वाटले. एक तिने खाल्ला. एकटीने, उभ्याने. "चांगला होता," म्हणाली. "पाच वर्षं मी उगाच बोलले त्याला."

मी उठून निघाले. नऊ दिवस तिकडे फिरकले नाही. दुकानात काउंटरमागे उभी राहून लोकांना पाव देत होते आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचा राग येत होता. रेइनो चांगला माणूस होता, सहा वर्षं झाली त्याला जाऊन. त्याच्यावर अन्याय होईल असं काही मी इथे लिहिणार नाही. पण आम्ही निघालो त्या दिवशी स्टेशनवर तू म्हणाला होतास, शरदातली भाजणी झाली की येतो. मी एक शरद वाट पाहिली, दुसरा पाहिला, आणि तिसऱ्या शरदात स्वतःला समजावलं की हाकोलाच्या मुलाला निर्वासितांच्या मुलीची आठवण पहिली थंडी पडेपर्यंतच राहिली असणार. तुझ्याबद्दल असं वाईट मी पस्तीस वर्षं मनात ठेवलं. त्याची माफी आधी माझी मी मागते. दहाव्या दिवशी गेले तर आईने पाव संपवले होते, एक उरला होता, तो तिने माझ्यासाठी ठेवला होता. दोघींनी मिळून खाल्ला.  ती आता जेवते, नर्सांना शिव्या घालते, मार्केताचं लग्न जुळवायला निघालीय.

रोज विचारते, लिहिलंस का. गवत कापायचं होतं, मग बटाटे होते, मग माझा धीर होत नव्हता. तिला वाटतं, हे पत्र म्हणजे तिच्या वतीने माफी. ती तर कळवतेच. ती म्हणाली, त्याला सांग, बस म्हणायला हवं होतं. हे पत्र सायमीला वाचायला दिलंस तरी चालेल, तिच्यापासून लपवावं असं यात काही घडलेलं नाही, हीच तर याची सगळी कथा आहे. पण मी लिहितेय ते माझ्यासाठी. आईला मी विचारून घेतलं, तू किती वाजता निघालास. भर दुपारी, म्हणाली. म्हणजे बसच्या रस्त्याला लागायला मी आठवडाभर जिथे बटाटे काढत होते त्या लेहतोवाराच्या शेताला लागूनच तू गेला असणारस, दुसरी वाट तेव्हा नव्हती. आम्ही तिथे सातजणी होतो. मी त्यातली एक असणार, चिखलात गुडघ्यांवर. वाकून काम करणाऱ्या बाईला रस्ता दिसत नाही, याल्मारी. आणि सात रुमालांतला कुठला कुणाचा, हे रस्त्यावरून कळत नाही. तू तिथून काय मनात घेऊन गेलास ते मला आता माहीत आहे, आणि ते तसंच घेऊन तू म्हातारा व्हावंस हे मला सहन होत नाही. माझं कुणाशी ठरलेलं नव्हतं. मी नाही म्हटलं नव्हतं. मला कुणी विचारलंच नव्हतं.

या एका पत्रापुरती तुझीच,
इरो